यवत परिसरातील अंडी उबवण: खुडूक कोंबडीपासून घरच्या पेटीपर्यंत

दौंड तालुक्यातील यवत आणि भीमेपलीकडचा शिरूर तालुका या पट्ट्यात अंडी उबवण्याच्या तीन रीती एकामागून एक आल्या. आधी खुडूक कोंबडी, मग हॅचरी, आणि अलीकडे घरी बनवलेली पेटी. नवी रीत आली म्हणून जुनी पुसली गेली असे झाले नाही. आजही एकाच वस्तीवर एका घरी कोंबडी अंड्यांवर बसलेली असते, शेजारी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब जळत असतो आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये हॅचरीतून आलेली हजारो पिल्ले वाढत असतात. बदलत गेला तो उबवणीवरचा ताबा. पिल्ले कधी काढायची, कोणत्या कोंबडीची काढायची आणि किती काढायची, हे ठरवणारा हात दर वेळी निराळा होता.

यवत पुण्यापासून सुमारे 45 किलोमीटरवर, पुणे–सोलापूर रस्त्यावर आणि पुणे–दौंड लोहमार्गावर आहे. दक्षिणेला भुलेश्वरचा डोंगर आणि उत्तरेला मुळा-मुठा व भीमा यांची खोरी आहेत. हा भाग जुन्या भीमथडीचा आणि पर्जन्यछायेचा. खडकवासल्याच्या कालव्याने पाणी आणले, त्यामागून ऊस आला, गुऱ्हाळे आली. पण कालव्याच्या वर, डोंगराच्या अंगाला शेती पावसावरच राहिली. अशा कोरडवाहू घरांत कोंबड्या हा वरखर्चाचा आधार होता. त्यांना वेगळे खाद्य घालावे लागत नसे. खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यावरचे किडे आणि खरकटे एवढ्यावर त्या जगत. यवत हे तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव आहे. गळ्यात माळ घातलेल्या घरांत सहसा कोंबडी पाळली जात नसे. त्यामुळे कोंबड्या गावभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. त्या बहुतेक वस्त्यांवर, मळ्यांत आणि अल्पभूधारकांच्या अंगणात दिसत.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 70 अंडी देते. ती एका दमात देत नाही. दहा-पंधरा अंडी घालून झाली की ती खुडूक होते: अंडी देणे थांबवते, खुराड्यातून उठत नाही, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असते. पोटावरची पिसे झडून तिथली उघडी, उबदार कातडी थेट अंड्यांना टेकते. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पण तिच्या पोटाखालच्या अंड्यांना मिळते ते साडेसदतीस-अडतीस अंशांचे. दिवसातून अनेक वेळा ती चोचीने अंडी सरकवते, फिरवते, काठावरची आत घेते. एकदा उठून दाणा-पाणी करते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत बसते. पुढे घरच्या पेटीत जे जे करावे लागले त्याचा मूळ आराखडा हाच आहे.

कोंबडी बसवणे हे घरातल्या बाईचे काम असे. जुनी पाटी किंवा दुरडी घ्यायची, तळाशी राख किंवा माती, वर वाळके गवत, आणि घराच्या अंधाऱ्या, मांजराची वाट नसलेल्या कोपऱ्यात ती ठेवायची. अंडी निवडून ठेवलेली असत. ती धान्याच्या कणगीत किंवा राखेत ठेवण्याची पद्धत होती, कारण तिथे गारवा टिकतो आणि अंडी गडगडून फुटत नाहीत. फार लांबट, फार गोल किंवा पातळ कवचाची अंडी खाण्यात जात. कोंबडीच्या अंगाखाली मावतील इतकीच, म्हणजे 10 ते 12 अंडी ठेवत. काही घरांत पाटीत लोखंडाचा तुकडा, कोळसा किंवा लाल मिरची ठेवत. विजांच्या कडकडाटाने अंडी नासतात अशी समजूत त्यामागे होती. लोखंडाने वीज अडत नाही, पण वळवाच्या दिवसांतली उबवण खरेच बिघडत असे. त्या दिवसांत उकाडा एकाएकी वाढतो-उतरतो, आणि तापलेल्या पत्र्याखाली साठवलेली अंडी बसवण्याआधीच खराब झालेली असतात. निरीक्षण खरे होते, कारण चुकीचे लावले गेले होते.

पिल्लांचा व्यवहारही ठरलेला होता. ज्या घरी खुडूक कोंबडी नसे ते शेजारच्या कोंबडीखाली आपली अंडी ठेवत आणि निघालेली पिल्ले निम्मी-निम्मी वाटून घेत. कोंबडीच वाट्याने देण्याचीही रीत होती: कोंबडी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, पिल्ले दोघांची. अंड्यांचे आणि तलंगांचे पैसे बहुधा बाईच्याच हाती राहत. आठवडे बाजारात एक कोंबडा विकून मीठ-मिरची आणि मुलांची वही-पाटी निघत असे. या साऱ्या व्यवस्थेची मर्यादा मात्र स्पष्ट होती. खुडूक कोंबडी 21 दिवस बसणार आणि पुढे दोन महिने पिल्ले फिरवणार, म्हणजे तेवढे दिवस तिचे अंडे नाही. घार, मुंगूस आणि मानमोडी रोग यांच्या तडाख्यातून दहा पिल्लांतली चार-पाच हाती लागली तरी समाधान मानत. कळप वाढवायचा असेल तर खुडूक कोंबड्या वाढायला हव्यात, आणि त्या तर आपल्या मर्जीने बसतात.

कोंबडीशिवाय अंडी उबवण्याची विद्या जगात फार जुनी आहे. ईजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवली जात. ॲरिस्टॉटलच्या लेखनातही ईजिप्तमध्ये शेणखताच्या ढिगात अंडी उबवल्याचा उल्लेख आहे. तिथले कारागीर तापमापकाशिवाय काम करत. अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ते ऊब ओळखत. चीनमध्ये आणि पूर्व आशियात भाताच्या तापवलेल्या तुसात अंडी ठेवण्याची रीत होती. बंगालमध्ये आणि केरळच्या कुट्टनाड भागातही बदकांची अंडी तुसात उबवली जातात. भीमथडीत असले काही रुजले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ही तंत्रे मोठ्या बदककळपांच्या किंवा मोठ्या शहराला पिल्ले पुरवणाऱ्या प्रदेशांत वाढली. तुसाच्या राशी तिथे हाताशी होत्या. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात घरटी चार-सहा कोंबड्या होत्या आणि भाताचा तूस नव्हता.

युरोपात हे काम शास्त्राच्या वाटेने आले. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने 1749 मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. घोड्याच्या कुजत्या लिदीने वेढलेल्या पिंपांत अंडी ठेवून तो तापमापकाने ऊब मोजत असे. अवघड प्रश्न एकच होता: ऊब नेमकी तेवढीच कशी राखायची? लंडनच्या चार्ल्स हिअर्सनने 1881 मध्ये त्याला सोपे उत्तर शोधले. पातळ धातूची चपटी, बंद डबी, तिच्यात लवकर उकळणारा द्रव. पेटी तापली की डबी फुगते, तिच्यावर टेकलेली सळई वर उचलली जाते आणि दिव्याच्या धुराड्यावरचे झाकण उघडून जादा उष्णता बाहेर पडते. पेटी निवली की डबी बसते, झाकण मिटते. घासलेटच्या दिव्यावर चालणारी 50 ते 100 अंड्यांची यंत्रे या तत्त्वावर जगभर पसरली. भारतातही वीज नसलेल्या सरकारी केंद्रांत आणि हौशी पाळणाऱ्यांकडे ती वापरली गेली. पुढे याच डबीने झाकणाऐवजी विजेचे बटण दाबायला सुरुवात केली. कुक्कुटपालनाच्या जुन्या पुस्तकांत ‘वेफर’ म्हणून जी चकती दाखवलेली असते ती हीच. अमेरिकेत 1918 मध्ये सॅम्युअल स्मिथने पंख्याने हवा खेळवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि ट्रेवर ट्रे रचून एका खोलीत हजारो अंडी उबवता येऊ लागली.

पुणे आणि खडकी या लष्करी छावण्यांमुळे पुणे जिल्ह्यात अंड्यांना गिऱ्हाईक जुनेच होते. पुण्याहून दौंडच्या दिशेने रेल्वे 1858 मध्ये सुरू झाली आणि भीमथडीचा माल छावणीपर्यंत पोचणे सोपे झाले. पण गावरान कोंबडीचे अंडे लहान आणि थोडे. म्हणून सरकारी धोरणाचा भर परदेशी जातींवर राहिला. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत 1939 मध्ये कुक्कुट विभाग सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांत व्हाईट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या जातींचे कोंबडे आणि पिल्ले गावोगाव देण्यात आली. मुंबईच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचे कुक्कुट पैदास केंद्र उभे राहिले. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे काढली. त्यांतले पुणे विभागाचे केंद्र खडकीला आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), नागपूर आणि कोल्हापूर येथेही अशी केंद्रे आहेत. 25 माद्या आणि 3 नर असा तलंगांचा गट, किंवा एक दिवसाची 100 पिल्ले, निम्म्या अनुदानावर देण्याची योजना याच केंद्रांच्या जोरावर चालत आली.

व्हाईट लेगहॉर्नबरोबर एक गोष्ट गावात आली, तिची चर्चा फारशी झाली नाही. ही कोंबडी जवळजवळ खुडूक होतच नाही. अंड्यांची संख्या वाढवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना पैदासकारांनी खुडूकपणाच काढून टाकला. अंड्यावर न बसणारी कोंबडी वर्षभर अंडी देत राहते, म्हणून तो दोष नव्हता, हेतूच होता. पण तिची पुढची पिढी यंत्राशिवाय निघू शकत नाही. ज्या घरात गावरान कोंबड्या जाऊन लेगहॉर्न आल्या, त्या घराला दर वर्ष-दीड वर्षाने नवी पिल्ले विकत घेणे भाग पडले. उबवण गावातून बाहेर जाण्याचे खरे कारण इथे आहे.

आणि पिल्ले विकत आणणे सोपेही होते. अंड्यातून बाहेर पडण्याच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणा-पाण्याशिवाय काढू शकते. एक दिवसाच्या पिल्लांचा सगळा व्यापार या एका निसर्गदत्त सोयीवर उभा आहे. भोकांचे पुठ्ठ्याचे खोके, आत चार कप्पे, प्रत्येकात 25 पिल्ले, आणि वाटेतल्या मरतुकीपोटी शेकडा दोन जास्तीची, असा खोका रेल्वेने, एसटीने, टेम्पोने कुठेही जाऊ शकतो.

डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे या उद्योगसमूहाचे मुख्यालय पुण्याला आले. 1982 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा रोजचा भाव जाहीर होऊ लागला. कुक्कुटपालनाचे शिक्षण देणारी, आज राव यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था यवतच्या अलीकडे, उरुळी कांचनला आहे. याच उरुळीत गांधीजींनी 1946 मध्ये निसर्गोपचार आश्रम काढला आणि त्यांचे सहकारी मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये ‘बायफ’ची स्थापना करून गाईंच्या संकरावर काम उभे केले. पशुपालनातले नवे ज्ञान यवतच्या इतक्या जवळ आले, तरी लहान कोंबडीपालकाच्या उबवणीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. हॅचरीचे शास्त्र हजारांच्या आकड्यांत बोलते. तिथे अंडी 18 दिवस सेटरमध्ये असतात, शेवटचे तीन दिवस हॅचरमध्ये. जनक कळप वेगळ्या शेतावर, उबवण वेगळ्या इमारतीत, वाढवणे तिसऱ्याच्या शेडमध्ये.

नंतरच्या काळात मांसल कोंबड्यांचा करार आला. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देते, शेतकरी शेड आणि मेहनत देतो, आणि वजनावर संगोपनाचा मोबदला घेतो. दौंड-शिरूरच्या माळरानांवर अशी लांबलचक शेड उभी राहिली. दुष्काळी पट्ट्यात हा हक्काचा पैसा होता आणि त्याने अनेक घरे सावरली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र पाळणारा अंडे कधी पाहतच नाही, इतकी उबवण त्याच्यापासून दूर गेली. खेड्यापाड्यांत पिल्ले विकणारा तेवढा दिसे: सायकलीला जाळीची पाटी आणि तीत गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगांत बुडवलेली पिल्ले. ही बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती मातीमोलाने बाहेर जात. मुले हट्ट करून घेत आणि त्यांतली बरीच आठवड्याभरात मरत.

गावरान अंड्याला आणि कोंबडीला शहरात वेगळा, चढा भाव मिळू लागला तेव्हा चाक उलटे फिरले. पुणे–सोलापूर रस्त्यालगतच्या ढाब्यांवर आणि आखाडाच्या महिन्यात घराघरांत गावरान कोंबड्याची मागणी वाढली. पण माल आणायचा कुठून? हॅचरीकडे गावरान पिल्लू नव्हते. गिरिराज, वनराज अशा सुधारित परसबागेतल्या जातींची पिल्ले मिळत, पण अस्सल गावरान हवे असेल तर ते कोणाच्या तरी अंगणातल्या अंड्यातूनच काढावे लागे. खुडूक कोंबड्यांच्या भरवशावर दर आठवड्याला शंभर पिल्ले निघत नाहीत. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, 2020 च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो ही अफवा पसरली, आणि दोन्ही वेळा मोठ्या शेडचा धंदा कोसळला. कमी भांडवलाचा, आपल्या हातातला कळप अनेकांना बरा वाटू लागला. घरच्या पेटीला ही गरज कारण झाली. 2005 पासून निघणाऱ्या ‘ॲग्रोवन’सारख्या शेती दैनिकातून आणि पुढे मोबाइलवरच्या चित्रफितींतून तिची कृती हातोहात पसरली.

पेटीसाठी लागणारे सामान गावात किंवा पुण्यात सहज मिळते. बाहेरचे खोके बहुधा थर्माकोलचे असते, मासळी, द्राक्षे किंवा लसी ज्यात येतात ते. काही जण बंद पडलेल्या फ्रिजचा सांगाडा वापरतात. त्याच्या भिंतींत आधीच उष्णतारोधक भरलेला असतो आणि दारही घट्ट बसते. उष्णतेसाठी 40 किंवा 60 वॅटचे साधे बल्ब, शक्यतो दोन. एक गेला तर दुसऱ्याने पेटी तगून राहावी यासाठी. एलईडी दिवे सगळीकडे झाले तेव्हा इथे एक अनपेक्षित अडचण आली. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. पेटीवाल्याला हवा असतो तो बरोबर याच्या उलट, वीज वाया घालवून तापणारा पिवळा बल्ब, आणि तो किराणा दुकानातून हळूहळू नाहीसा झाला.

तापमान सांभाळायला पूर्वी वेफर किंवा जुन्या इस्त्रीतली दोन धातूंची पट्टी वापरत. तिने तापमान दोन-तीन अंशांनी हेलकावे खाई, आणि तेवढ्याने पिल्ले जात. आता बोटभर लांबीचा डिजिटल नियंत्रक मिळतो. ‘डब्ल्यू 1209’ या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा घरबसल्या मागवून काहीशे रुपयांत हाती येते. तिची संवेदक तार अंड्यांच्या पातळीवर लटकवतात. 37.3 अंशांना बल्ब लागेल आणि 37.7 ला विझेल असे आकडे भरतात. हवा खेळवायला संगणकातला 12 व्होल्टचा लहान पंखा. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा तापते आणि खालची गार राहते. म्हणून तिथे तापमापक अंड्यांच्या माथ्याशी ठेवून 38.5 ते 39 अंश राखावे लागतात. नवशिक्यांचा घोटाळा इथेच जास्त होतो. पंख्याच्या पेटीचा आकडा बिनपंख्याच्या पेटीला लावला की पिल्ले उशिरा आणि लुळी निघतात.

यवतच्या हवेत तापमानापेक्षाही ओलाव्याचा प्रश्न मोठा आहे. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून 18 दिवसांत अंड्याचे वजन साधारण 11 ते 14 टक्के घटायला हवे. रुंद टोकाची हवेची पोकळी त्या प्रमाणात वाढते आणि शेवटी पिल्लू पहिला श्वास तिथेच घेते. मार्च-एप्रिलात इथली हवा इतकी कोरडी असते की पेटीत पाणी कमी पडले तर आतली पातळ कातडी चिवट होऊन पिल्लाला चिकटते. चोच मारलेली दिसते, पिल्लू ओरडतही असते, पण फिरू शकत नाही आणि तिथेच मरते. पावसाळ्यात याच्या उलट होते: अंड्यातले पाणी आटत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगलेल्या अवस्थेत गुदमरते. पहिले 18 दिवस 50 ते 60 टक्के आणि नंतर 65 ते 75 टक्के आर्द्रता, हा पुस्तकी आकडा. उपाय साधा आहे. वाटीतल्या पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, पृष्ठभाग वाढवावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात वाटीऐवजी पसरट ताट ठेवतात आणि त्यात स्पंजचा तुकडा उभा करतात.

अंडी फिरवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि टाळाटाळही त्यातच होते. न फिरवल्यास वाढता गर्भ कवचाच्या आतल्या कातडीला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढतात आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटतात. विषम संख्या घेण्यामागे हिशोब आहे: रात्रीची लांब विश्रांती रोज एकाच कुशीवर होऊ नये. अलीकडे कूलरची झडप हलवणारी संथ मोटर लावून जाळी आपोआप सरकवण्याची युक्ती रूढ झाली आहे. 18 व्या दिवशी फिरवणे बंद करतात, कारण पिल्लू तोवर चोच पोकळीकडे वळवून बसलेले असते.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या तोंडाशी अंडे धरून पाहतात. फलित अंड्यात काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात. ठिपका हलतो. वांझ अंडे आरपार पिवळे, स्वच्छ दिसते. मेलेल्या गर्भाभोवती रक्ताचे एक कडे असते. वांझ आणि मेलेली अंडी काढून टाकायचीच, कारण पेटीत एक अंडे नासून फुटले तर त्यातल्या जंतूंनी बाकीची बिघडतात. चौदाव्या दिवशी अंडे बहुतेक काळे दिसते, फक्त पोकळी उजळ. काही जण सातव्या आणि चौदाव्या दिवशी पोकळीची कड पेन्सिलीने आखून ठेवतात. ओलावा कमी आहे की जास्त, हे त्या दोन रेघांतले अंतर सांगते.

वीज जाणे हे या पट्ट्यातले जुने दुखणे. भारनियमनाच्या वर्षांत अनेकांच्या पेट्या पंधराव्या-सोळाव्या दिवशी गार पडल्या आणि लोकांनी नाद सोडला. घाबरून अंडी टाकून देण्याची मात्र गरज नसते. गर्भ गारठा काही तास सोसतो, फक्त पिल्ले उशिरा निघतात. त्याला सोसत नाही ती जास्तीची उष्णता. नियंत्रक अडकून बल्ब चालूच राहिला आणि पेटी 40 अंशांच्या वर काही तास राहिली, तर सगळी अंडी जातात. वीज गेली की पेटीवर गोधडी टाकणे आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवणे हा गावचा उपाय आहे. पंखा आणि नियंत्रक 12 व्होल्टवर चालत असल्याने मोटरसायकलची जुनी बॅटरी जोडून ठेवणारेही आहेत, पण बल्बचा भार तिला फार वेळ पेलत नाही. इन्व्हर्टर आला तसा हा त्रास बराच कमी झाला.

नीट सांभाळलेल्या घरच्या पेटीत फलित अंड्यांपैकी 75 ते 80 टक्क्यांपर्यंत पिल्ले निघू शकतात. पहिल्या खेपेला निम्मी निघाली तरी ते वाईट नाही. आकडा घसरतो तो बहुधा पेटीमुळे नाही, अंड्यांमुळे. बाजारातून गोळा केलेली गावरान अंडी किती दिवसांची आहेत, कुठल्या उन्हात होती, कळपात नर होता का, हे कळायला मार्ग नसतो. उबवणीचे अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे, गार जागी, निमुळते टोक खाली करून ठेवलेले असावे आणि ते धुऊ नये. आठ-दहा माद्यांमागे एक नर लागतो. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन आठवड्यांपर्यंत टिकते, म्हणून नर बदलल्यावर किमान तीन आठवडे जाऊ दिल्याशिवाय नव्या नराची पिल्ले मिळाली असे समजू नये. खुडूक कोंबडीच्या काळात हे प्रश्न नव्हते. अंडी घरची, कोंबडा गल्लीतला. पेटीने उबवण घरी आणली तशी ही जबाबदारीही घरी आली, आणि ती अजून पुरेशी उचलली गेलेली नाही. पेटी जात पाहत नाही, ठेवलेले अंडे उबवते. मिसळ रक्ताची अंडी उबवून ‘गावरान’ म्हणून विकण्याने खऱ्या गावरानाचा कळप आणखी विरळ होतो.

पिल्लू निघाल्यावर आईची जागा भरावी लागते. पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी, अशी ब्रूडरची ऊब हवी. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन बसली तर थंडी आहे, कडेला पळाली तर उकाडा आहे. हे बघण्याला यंत्र लागत नाही.

आज पन्नास अंड्यांची पेटी स्वतः करणाऱ्यांबरोबर तयार यंत्र विकत घेणारेही वाढले आहेत. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून ग्रामीण कुक्कुटपालनाला 50 टक्के, कमाल 25 लाख रुपये अनुदान मिळते. पण त्यासाठी किमान 1,000 माद्यांचा जनक कळप आणि आठवड्याला 3,000 अंड्यांची हॅचरी लागते. घरची पेटी या चौकटीत बसत नाही आणि तिला अनुदानाची फारशी गरजही नाही. तिची गरज वेगळी आहे. हॅचरीतल्या पिल्लाला पहिल्याच दिवशी मरेक्स रोगाची लस टोचलेली असते. घरच्या पिल्लाला ती मिळत नाही, कारण तिची कुपी हजार-दोन हजार मात्रांची येते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. मानमोडीच्या लसीच्या कुप्याही शंभर-दोनशे मात्रांच्या असतात. चाळीस पिल्लांसाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून लस टळते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खुराडे रिकामे होते. यवत, खुटबाव, केडगाव, वरवंड अशा शेजारच्या गावांतल्या पेटीवाल्यांनी अंडी एकाच वारी पेटीत ठेवावीत, म्हणजे 21 दिवसांनी पिल्लेही एकाच वारी निघतील. मग जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून तो वार लसीकरणाचा ठरवून घ्यावा आणि एक कुपी दहा घरांत वाटून घ्यावी.